मार्गारेट बूथ : पडद्यावर नाव नसलेली तीस वर्षं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : १९३० च्या दशकातल्या एमजीएमच्या (मेट्रो-गोल्डविन-मेयर या हॉलिवूडच्या स्टुडिओच्या) चित्रपटांवर संकलक म्हणून मार्गारेट बूथ हे नाव सारखं दिसतं. मग ते जवळजवळ तीस वर्षं दिसेनासं होतं आणि १९७० च्या दशकात वेगळ्याच निर्मात्याच्या चित्रपटांवर पुन्हा येतं. मधल्या काळात बाईंनी काम सोडलं होतं का? आणि ज्यांच्या कामाच्या यादीत एवढी मोठी रिकामी जागा आहे, त्यांना अकादमीने मानद ऑस्कर कशासाठी दिलं?

काम सोडलं नव्हतं. उलट त्या काळात त्यांच्याकडे जेवढं काम होतं तेवढं हॉलिवूडमधल्या क्वचितच कुणा संकलकाकडे असेल. १९३९ पासून १९६८ पर्यंत त्या एमजीएमच्या संकलन विभागाच्या प्रमुख होत्या. कंपनीचे चित्रपट त्यांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसत. पडद्यावर नाव मात्र ज्याने प्रत्यक्ष फिल्म कापली त्याचं यायचं. त्यामुळे आपण नावांच्या याद्या बघून हिशेब करायला बसलो की नेमका त्यांचा सर्वांत वजनदार काळ कोरा दिसतो. मी या धंद्यात फिल्म हाताने कापण्याच्या दिवसांपासून आहे, आणि माझं ठाम मत असं की बूथबाई समजून घ्यायच्या तर कात्रीपेक्षा त्यांच्या बघण्याकडे लक्ष द्यावं लागतं. ती नजर कशी तयार झाली हे नीट सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल.

जन्म १६ जानेवारी १८९८, लॉस एंजेलिस. म्हणजे ज्या गावात पुढे सिनेमाचा धंदा वसला, त्याच गावातल्या त्या. मोठा भाऊ एल्मर बूथ नट होता. मूकपटांचे दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या १९१२ च्या ‘द मस्केटिअर्स ऑफ पिग अ‍ॅली’ या लघुपटात त्याने गल्लीतल्या गुंडाचं काम केलं होतं. आजही तो लघुपट बघताना नजर त्याच्यावरच खिळते. १६ जून १९१५ रोजी मोटार अपघातात एल्मर गेला. गाडी टॉड ब्राउनिंग चालवत होते, तेच जे पुढे भयपटांचे दिग्दर्शक म्हणून नावाजले. रुळांवरच्या, लोखंडाने भरलेल्या मालडब्यावर गाडी आदळली. अंत्यविधीत ग्रिफिथ यांनी भाषण केलं आणि घरातला कमावता माणूस गेला म्हणून त्याच्या धाकट्या बहिणीला स्टुडिओत काम दिलं. मार्गारेट तेव्हा १७ वर्षांच्या होत्या. सिनेमाची ओढ, कलेचं वेड वगैरे काही नाही. घरी पैसे हवे होते, म्हणून त्या आल्या.

काम होतं फिल्मचे तुकडे जोडण्याचं. त्या काळी या कामाला मुलीच ठेवत. नाजूक बोटं, शिवणकामासारखं काम आणि पगार कमी, हे त्यामागचं साधं व्यापारी गणित. आता हे काम कसं असतं ते जरा जवळून सांगतो, कारण संगणकावर शिकलेल्या पिढीला त्याची कल्पना येत नाही. टेबलावर दोन्ही बाजूंना रिळं फिरवायचे हँडल, मध्ये खालून उजेड येणारी काच. हातात पांढरे सुती मोजे, कारण निगेटिव्हवर बोटाचा ठसा उमटला तर तो पडद्यावर खोलीएवढा दिसतो. जोडायच्या टोकावरचा इमल्शनचा, म्हणजे ज्यात चित्र उमटतं तो थर ब्लेडने हलकेच खरवडायचा. जास्त खरवडलं तर फिल्म कमजोर होते, कमी खरवडलं तर जोड धरत नाही. त्यावर फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा पातळ हात फिरवायचा, दुसरं टोक त्यावर बसवायचं आणि काही सेकंद दाबून धरायचं. त्यातून फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडली तर भडकणारी.

निगेटिव्हचं काम याहून जिकिरीचं. संकलकाने पॉझिटिव्ह प्रतीवर जे कापलंय, तंतोतंत तेच मूळ निगेटिव्हवर कापायचं. आज प्रत्येक चौकटीला क्रमांक असतो. बूथबाईंनी सुरुवात केली तेव्हा फिल्मच्या कडेला जुळवायला आकडेच नव्हते. सगळं डोळ्यांनी. हात कुठवर उचललाय, पापणी किती मिटलीय, ओठ उघडलेत की मिटलेत हे बघून चौकट ओळखायची. मूकपटातल्या नटी लिलियन गिश यांच्या लांबच लांब क्लोज-अपबद्दल बूथबाईंनी पुढे सांगितलंय : सगळ्या चौकटी सारख्याच दिसायच्या, मग निगेटिव्हवर कुठे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका सापडला की आपण बरोबर जागी आहोत हे कळायचं. निगेटिव्ह एकच असते. तिथे चुकीचा काप बसला तर तो कायमचा.

असं काम काही वर्षं केलं की डोळ्यांना वेगळीच सवय लागते. आपल्याला पडद्यावर ‘ती रडली’ एवढंच दिसतं. त्या बाईंना रडण्याच्या आधीचा श्वास कुठल्या चौकटीत घेतला हे दिसत असणार. मी स्वतः मूव्हिओलावर, म्हणजे फिल्म बघत कापायच्या यंत्रावर शिकलो, तेव्हा मदतनीस म्हणून ट्रिमची, म्हणजे कापून उरलेल्या तुकड्यांची टोकं जुळवण्याचं काम कंटाळवाणं वाटायचं. आता कळतं की नजर तिथेच तयार होत होती.

इथे आपल्याकडची एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जवळपास त्याच वर्षांत, म्हणजे १९१३ च्या सुमारास, दादासाहेब फाळके यांच्या घरी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री जागून कोऱ्या फिल्मला छिद्रं पाडत होत्या, रसायनं कालवत होत्या, फिल्मचे तुकडे जोडायला मदत करत होत्या. दोन टोकांच्या दोन देशांत सिनेमा पहिल्यांदा बायकांच्या हातांतून गेला तो असा. फरक एवढाच की लॉस एंजेलिसमध्ये तो पगारी धंदा होता आणि त्यात वर चढायला एक शिडी होती. त्या शिडीवरून बऱ्याच जणी चढल्या : दिग्दर्शक सेसिल बी. डमिल यांच्या संकलक अ‍ॅन बॉकेन्स, फॉक्स स्टुडिओमधल्या बार्बरा मॅक्लीन, ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ कापणाऱ्या ब्लँच स्यूएल. बूथबाई एकट्या नव्हत्या, हे लक्षात ठेवा. त्यांची गोष्ट ‘पुरुषांच्या धंद्यात शिरलेली एकमेव बाई’ अशी सांगितली जाते ती चुकीची आहे. संकलनाच्या खोलीत बायका पहिल्यापासून होत्याच. दिग्दर्शन आणि कॅमेऱ्याचं दार त्यांना जवळजवळ बंद होतं, हा प्रश्न वेगळा.

ग्रिफिथ यांच्यानंतर थोडा काळ प्रयोगशाळेत काढून त्या निर्माते लुई बी. मेयर यांच्या छोट्या स्टुडिओत आल्या. तिथे गाठ पडली दिग्दर्शक जॉन स्टाल यांच्याशी. स्टाल स्वतः टेबलाशी बसून चित्रपट कापायचे आणि बूथबाई शेजारी मदतनीस. तेच दृश्य लांबून, मध्यातून, जवळून, पुन्हा पुन्हा टिपायची त्यांची पद्धत, त्यामुळे न वापरलेल्या फिल्मचा ढीग पडलेला असायचा. संध्याकाळी सगळे गेले की बूथबाई त्या टाकाऊ तुकड्यांतून तेच दृश्य स्वतःच्या मनाप्रमाणे लावून बघायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, दाखवायचंही नव्हतं. एकदा स्टाल यांना एक दृश्य काही केल्या बसेना. ते वैतागून उठले. परत आले तेव्हा बूथबाईंनी लावलेलं त्यांच्या नजरेला पडलं आणि त्यांनी ते जसंच्या तसं चित्रपटात घेतलं. त्यानंतर त्या मदतनीस फार दिवस राहिल्या नाहीत.

हा प्रसंग सगळेच सांगतात, पण त्यातली कामाची गोष्ट बहुतेकांकडून सुटते. त्यांनी सराव केला तो टाकलेल्या टेकवर. चांगला टेक हातात असला की कुणालाही दृश्य लावता येतं. नटाची नजर जरा चुकलीय, कॅमेरा उशिरा थांबलाय, अशा तुकड्यांतून अर्थ काढायला लागलात की काप कुठे हवा हे खऱ्या अर्थाने समजतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी अजूनही हेच करायला लावतो.

१९२४ मध्ये मेट्रो, गोल्डविन आणि मेयर या तीन कंपन्या एकत्र येऊन कल्व्हर सिटीत एमजीएम उभी राहिली आणि मेयर यांच्याबरोबर बूथबाईही तिथे गेल्या. मूकपटांच्या त्या दिवसांत त्या मोजून कापत. सैनिकांची पावलं किंवा ठेका असलेलं काहीही असलं की मनात आकडे म्हणत फिल्म हातातून सरकवायची आणि ठरलेल्या आकड्यावर थांबायचं. मूव्हिओला नावाचं उभं यंत्र १९२४ मध्ये आलं, पण त्याआधी फिल्म उजेडासमोर धरून बोटांनी ओढतच चाल ठरवावी लागायची. बोलपटात ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, सेकंदाला २४ चौकटी. असले आकडे जुन्या संकलकांच्या हातात मुरलेले असत. एवढी लांबी म्हणजे किती वेळ हे सांगायला त्यांना घड्याळ लागत नसे.

बोलपट आल्यावर अनेकांची ही चाल बिघडली. सुरुवातीला कॅमेरा आवाज बाहेर न जाणाऱ्या पेटीत बंद, माणसं मायक्रोफोनभोवती खिळलेली आणि संवाद संपेपर्यंत कापायची सोय नाही. बूथबाईंसारख्या मूकपटात तयार झालेल्यांनी ही गाठ सोडवली, कारण चित्राला स्वतःचा ठेका असतो हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. बोलणारा माणूस दिसलाच पाहिजे असं नाही, ऐकणारा दाखवला तरी संवाद पुढे जातोच. आज हे फार साधं वाटतं. तेव्हा ते नव्याने शोधावं लागलं.

एमजीएममध्ये त्यांना खरा मान दिला तो आयर्व्हिंग थॅलबर्ग यांनी. निर्मितीचा हा तरुण प्रमुख चित्रपट तयार झाला असं लगेच म्हणतच नसे. लॉस एंजेलिसच्या आसपासच्या एखाद्या गावातल्या थिएटरात तो कुणाला न सांगता दाखवायचा, लोक कुठे चुळबुळ करतात, कुठे चुकीच्या जागी हसतात हे बघायचं आणि परत येऊन नव्याने चित्रण करायचं. त्यावरून कल्व्हर सिटीला ‘रीटेक व्हॅली’ असं टोपणनावच पडलं होतं. या पूर्वदर्शनांना मंडळी खास ठरवलेल्या ट्रामने जात. संकलकाच्या दृष्टीने ही मोठी शाळा होती. अंधारात पडद्याकडे पाठ फिरवून प्रेक्षकांकडे बघणं हे संकलकाचं अर्धं शिक्षण असतं, आणि बूथबाईंना ते वर्षानुवर्षं मिळालं.

त्या काळचा एक नमुना बघा. १९३६ च्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये थॅलबर्ग यांच्या पत्नी नॉर्मा शिअरर ज्युलिएट होत्या, दिग्दर्शक जॉर्ज कुकर. बूथबाईंनी नंतर सांगितलंय की या चित्रपटासाठी त्यांनी दृश्याची पाच-पाच रूपं तयार ठेवली होती : एक अश्रूंसह, एक अश्रूंविना, एक निव्वळ क्लोज-अपमध्ये, एक निव्वळ लांबून आणि एक दोन्हींची सरमिसळ करून. आज संगणकावर पाच रूपं म्हणजे पाच फाइली. तेव्हा प्रत्येक रूपासाठी वेगळी प्रत काढायची, वेगळं कापायचं, वेगळं जोडायचं आणि मग सगळी ओळीने बसून बघायची. पाच दृश्यं लागोपाठ बघून ‘हे’ असं म्हणता येणं ही वेगळीच ताकद आहे. तिसऱ्यापर्यंत डोळा बोथट होतो, हे हा धंदा करणारा कुणीही सांगेल.

त्याच वर्षीचा कुकर यांचाच ‘कमिल’ मी त्यांच्या कामाचा कळस मानतो. ग्रेटा गार्बो यांची मार्गरीत ही पॅरिसमधली गणिका. तिने रात्री तरुण प्रियकर आर्माँला घरी बोलावलंय आणि ऐन वेळी तिचा पोशिंदा बॅरन (हेन्री डॅनिएल) येऊन बसतो. बॅरन पियानो वाजवायला लागतो. बाहेर आर्माँ घंटा वाजवतो. बॅरनला कळतं, तिला कळतं की त्याला कळलंय, आणि दोघंही ती गोष्ट हसण्यावारी नेतात. दारात कोण आहे, चुकून आलेलं कुणी की माझ्या आयुष्यातलं मोठं प्रेम, असं ती हसत हसत म्हणते. तो आणखी जोरात वाजवतो, ती आणखी जोरात हसते. हसणं चढत जातं आणि त्यातली मजा ओसरत जाते.

संकलकाच्या जागेवरून हे दृश्य बघा. पियानो अखंड चालू आहे, त्यामुळे वेळ लपवायला कुठेही जागा नाही. चित्रात कुठेही कापलं तरी सुरावटीचा धागा तुटता कामा नये. पियानोचा वेग वाढतोय म्हणून शॉटही झपाट्याने बदलत न्यायचा मोह कुणालाही होईल. इथे तो टाळलाय. वेग संगीताकडे सोपवलाय आणि चेहऱ्यांवर थांबून राहिलंय, अगदी आपल्याला अवघडल्यासारखं होईपर्यंत. नटांचा आणि दिग्दर्शकाचा वाटा यात मोठा आहेच. पण गार्बो यांचं हसणं नेमकं कुठवर चालू द्यायचं हा निर्णय शेवटी टेबलावरच होतो. दोन सेकंद आधी कापलं असतं तर तो एक विनोदी प्रसंग झाला असता.

१९३५ च्या ‘म्यूटिनी ऑन द बाउंटी’साठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. संकलनाचा पुरस्कार तेव्हा नवाच होता, आदल्या वर्षीच सुरू झालेला. चित्रपटाला आठ नामांकनं होती आणि मिळालं एकच ऑस्कर, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं. संकलनाचं ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’साठी राल्फ डॉसन यांना गेलं. स्पर्धेतलं ऑस्कर बूथबाईंना कधीच मिळालं नाही, आणि त्याचं कारणही तुमच्या प्रश्नातच आहे. त्यानंतर लवकरच त्यांचं नाव पडद्यावर येणं थांबलं.

सप्टेंबर १९३६ मध्ये थॅलबर्ग गेले, वय अवघं ३७. १९३९ मध्ये मेयर यांनी बूथबाईंना संकलन विभागाच्या प्रमुख केलं. आता या पदावर काय करायचं असतं ते सांगतो. ऐन भरात एमजीएममधून साधारण आठवड्याला एक चित्रपट बाहेर पडायचा. एका वेळी कितीतरी चित्रपटांचं चित्रण चालू असे आणि प्रत्येकाचे रशेस, म्हणजे आदल्या दिवशी टिपलेली फिल्म, रोज धुऊन यायचे. प्रमुखाने ते बघायचे. अमुक दृश्याला क्लोज-अप कमी पडतोय, तमुक ठिकाणी नटीने दार उघडलंय पण बाहेर पडताना दिसत नाही, सेट मोडायच्या आत ते टिपून घ्या, असं वेळेत सांगायचं. कोणता चित्रपट कोणत्या संकलकाला द्यायचा ते ठरवायचं. पहिली जुळणी तयार झाली की संकलकाबरोबर बसायचं, मग निर्मात्याबरोबर, मग पूर्वदर्शनाला. आणि उद्या पुन्हा दुसऱ्या चित्रपटाचं तेच. स्टुडिओच्या पद्धतीत दिग्दर्शक बहुधा चित्रण संपलं की पुढच्या कामावर जायचा. चित्रपट निर्मात्याच्या आणि संकलन विभागाच्या ताब्यात राहायचा. म्हणजे बूथबाईंच्या मताला किती वजन होतं बघा.

१९५१ मध्ये खुद्द मेयर यांना कंपनीतून जावं लागलं. त्यांच्या जागी डोर शारी आले, पाच वर्षांनी तेही गेले. त्यानंतरही वरची माणसं बदलत राहिली. बूथबाई १९६८ पर्यंत जागेवर होत्या. त्यांच्या विभागातून या काळात संकलनाची किती ऑस्करं निघाली ते पाहा : ‘नॅशनल व्हेल्व्हेट’, ‘किंग सॉलोमन्स माइन्स’, ‘जिजी’, ‘बेन-हर’, ‘हाउ द वेस्ट वॉज वन’, ‘ग्रां प्री’. रॉबर्ट कर्न, राल्फ विंटर्स, एड्रियन फेझान, हॅरल्ड क्रेस ही सगळी त्यांच्या हाताखालची माणसं. पुतळा त्यांच्या घरी गेला, आणि तो त्यांचाच होता. पण विभागाची शिस्त आणि कस कुणी राखला हे विचारलं तर उत्तर एकच येतं.

आता दुसरी बाजू, कारण तीही तेवढीच खरी आहे. हे पद कंपनीचं होतं, दिग्दर्शकाचं नव्हे. जॉन ह्यूस्टन यांच्या ‘द रेड बॅज ऑफ करेज’चं (१९५१) उदाहरण सगळ्यांना माहीत असावं. अमेरिकन यादवी युद्धातल्या एका घाबरलेल्या तरुण सैनिकाची ती गोष्ट. पूर्वदर्शनात प्रेक्षक नको तिथे हसले, उठून गेले. ह्यूस्टन तोवर पुढच्या चित्रपटासाठी आफ्रिकेला निघून गेले होते. शारी यांनी चित्रपट छाटायला लावला, वरून निवेदन घातलं आणि उरला तो ६९ मिनिटांचा. मूळ लांबीची प्रत आज कुठेही नाही. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या लिलियन रॉस यांनी ही सगळी हकिगत जवळून बघून लिहिली, त्यात बूथबाईही आहेत. निर्णय शारी यांचा होता हे खरं, पण विभाग बूथबाईंचा होता आणि त्यांची निष्ठा स्टुडिओशी होती. त्यांचा मोठेपणा सांगताना हे झाकून ठेवणं मला पटत नाही. चित्रपट चालला पाहिजे, प्रेक्षक खुर्चीत राहिला पाहिजे, हा त्यांचा धर्म होता. त्यातून अनेक चित्रपट तरले आणि काहींच्या अंगावरचं मांसही गेलं.

म्हणूनच पुढचा योग मला विलक्षण वाटतो. १९६८ मध्ये, सत्तराव्या वर्षी, त्यांनी एमजीएम सोडलं. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. त्या निर्माते रे स्टार्क यांच्या रास्टार कंपनीत गेल्या आणि १९७२ मध्ये ‘फॅट सिटी’ कापला. दिग्दर्शक कोण? जॉन ह्यूस्टन. कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन गावातले उतरणीला लागलेले मुष्टियोद्धे, दारूचे गुत्ते, शेतमजुरी. एमजीएमच्या झगमगाटाशी याचं काही नातं नाही. त्यात शेवटाकडे एक जागा आहे. स्टेसी कीच आणि जेफ ब्रिजेस कॉफी पीत बसलेत. कीच मागे वळून खोलीकडे बघतो, क्षणभर सगळं थिजतं, आवाज नाहीसा होतो, मग पुन्हा सुरू होतो. पुढे दोघं बसून राहतात, फारसं बोलत नाहीत. प्रेक्षक चुळबुळ करील म्हणून इथे कात्री चालवायला कितीही कारणं सापडली असती. ज्या बाईंनी तीस वर्षं मंद जागा शोधून काढल्या त्यांनी ही जागा राहू दिली. ह्यूस्टन यांच्याबरोबर त्यांनी १९८२ च्या ‘अ‍ॅनी’मध्येही पर्यवेक्षक संकलक म्हणून काम केलं, तेव्हा त्या ८४ वर्षांच्या होत्या.

स्टार्क यांच्या कंपनीतही त्यांची जागा हळूहळू तीच झाली, सगळ्यांचं काम बघणारी. ‘द सनशाइन बॉइज’ आणि ‘मर्डर बाय डेथ’ या चित्रपटांवर संकलक म्हणून त्यांचं नाव जॉन बर्नेट यांच्या जोडीने आहे. ‘द वे वी वेअर’मध्ये (१९७३) बर्नेट संकलक आणि बूथबाई पर्यवेक्षक. त्या चित्रपटाचा वाद अजून मिटलेला नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या पूर्वदर्शनात राजकारणाचा भाग आला की लोक ढिले पडतात असं दिसलं, आणि दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांनी त्यातली काही दृश्यं काढली. चित्रपट धो धो चालला. चित्रपटाच्या नायिका बार्ब्रा स्ट्राइसँड यांना मात्र ती सल पन्नास वर्षं राहिली. नवरा-बायको का वेगळे होतात याचं कारणच त्या दृश्यांत होतं असं त्यांचं म्हणणं, आणि २०२३ मध्ये त्यातली दोन दृश्यं घातलेली आवृत्ती निघाली. दोन्ही बघा. मला स्ट्राइसँड यांचं म्हणणं पटतं, कथेला ती दृश्यं हवीत. पण १९७३ च्या थिएटरात बसलेल्या माणसाचं लक्ष कुठे सुटलं हे ओळखण्यात काही चूक झाली नव्हती. प्रेक्षकाचं लक्ष आणि कथेचं कारण या दोन गोष्टींत संकलकाला कधी कधी एकीला पाठ दाखवावी लागते.

मानद ऑस्कर मिळालं ते १९७८ च्या एप्रिलमधल्या पन्नासाव्या समारंभात, संकलनकलेला दिलेल्या असाधारण योगदानासाठी. ते त्या रिकाम्या तीस वर्षांसाठीही होतं असं मी मानतो, कारण एरवी त्या वर्षांचा सन्मान करायला कोणताही पुरस्कार बसवलेलाच नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्या काम करत होत्या. २८ ऑक्टोबर २००२ रोजी १०४ व्या वर्षी त्या गेल्या. हाताने फिल्मच्या पट्ट्या जोडण्यापासून संगणकावरच्या संकलनापर्यंतचा सिनेमा एका माणसाच्या हयातीत मावला.

तुम्ही शेवटी विचारलंय की त्यांचं काम शिकण्यासाठी काय बघावं. ‘कमिल’पासून सुरुवात करा आणि पियानोचं दृश्य एकदा आवाज बंद करून बघा, म्हणजे शॉट किती वेळ टिकतात ते कळेल. मग ‘म्यूटिनी ऑन द बाउंटी’. तिथे समुद्रावरचं चित्रण आणि स्टुडिओतलं चित्रण कुठे जोडलंय ते शोधा. सगळ्या जागा सापडणार नाहीत. ‘रेड बॅज’ आणि ‘फॅट सिटी’ लागोपाठच्या दोन संध्याकाळी बघा, एकच दिग्दर्शक दोन परिस्थितींत कसा दिसतो ते लक्षात येईल. मधल्या तीस वर्षांसाठी ‘जिजी’ घ्या, आणि तो बघताना संकलक म्हणून पडद्यावर जे नाव येईल, एड्रियन फेझान, त्यांच्याबद्दलही वाचा. त्यांच्यावर लिहायला मला आवडेल, पण ते वेगळं उत्तर होईल.